आजीचा बांध

आमच्या घरात जुनी माहिती दोनच ठिकाणी होती. एक देवघराखालच्या लोखंडी ट्रंकेत आणि दुसरी वडिलांच्या डोक्यात. वडील 2011 साली गेले. ट्रंक राहिली. तिला हात लावायची वेळ पुढं बारा वर्षं कुणावर आली नाही. शेतकऱ्याला सात-बारा आणि सोसायटीचा दाखला एवढे दोन कागद मिळाले की बाकी कागदांना वाळवी लागली तरी चालतं.

2023 च्या सप्टेंबरात तिकडं मराठवाड्यात अंतरवाली सराटीला आंदोलन पेटलं. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि सगळ्या महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदी शोधायचं वारं सुटलं. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेलच. ज्यांनी जन्मात तहसील कचेरीची पायरी चढली नव्हती, ती माणसं कोतवाल बुक, गाव नमुना चौदा, प्रवेश निर्गम उतारा असे शब्द पारावर बसून बोलायला लागली. पणजोबा कोण, खापरपणजोबा कोण, हे ज्याला त्याला आठवायला लागलं. एरवी आमच्याकडं पणज्याचं नाव निघतं ते फक्त बांधाच्या भांडणात.

धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा बारावीला होता. पोरगं हुशार आहे. भाऊ म्हणाला, "आण्णा, तुमाला कागदपत्रांतलं कळतंय, तुमीच बघा." मी दहावी झालेला, त्यात चार-दोन मासिकांत माझं लिहिलेलं छापून आलेलं, म्हणून घरात मी विद्वान. त्यामुळं हे काम माझ्याकडं आलं.

वडिलांचा जन्म 1938 चा. त्यांच्या जन्माची नोंद ज्या पानावर असायला पाहिजे, ते पान वाळवीनं चाळणी केलेलं. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जात 'मराठा'. आजोबांची नोंद सापडेना. दोन महिने मी तालुक्याला हेलपाटे घातले. रेकॉर्डातली जुनी बुकं मोडीत लिहिलेली. एक निवृत्त मास्तर मोडी वाचायचे, त्यांना पानं दाखवून वाचून घ्यायची. मास्तरांच्या पुढं रांग असायची. नोव्हेंबरात एका दुपारी त्यांनी 1944 सालच्या बुकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "घ्या, सापडलं तुमचं."

ओळ अशी होती : 24 जानेवारी 1944, मुलगा, बापाचं नाव म्हणून माझ्या आजोबांचं पूर्ण नाव, आईच्या जागी आजीचं नाव, आणि जातीच्या रकान्यात स्पष्ट 'कुणबी'.

मला आनंद झाला हे कबूल करतो. नक्कल काढून घेतली, मास्तरांना चहा पाजला, भावाला फोन लावायला खिशात हात घातला. आणि एस. टी. स्टँडच्या बाकड्यावर बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. 1944 साली आजोबा कुठं होते?

आजोबा 1940 साली बेळगावला पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झाले. दुसऱ्या पलटणीत होते. पलटण आफ्रिकेत गेली. 21 जून 1942 ला तोब्रुक पडलं आणि जर्मनांनी जी हजारो माणसं धरली, त्यांत आजोबा होते. तिथून समुद्रापार इटलीत, तारेच्या छावणीत. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीनं दोस्तांशी तह केला तेव्हा छावणीच्या दारावरचे शिपाई पळाले. आजोबाही पळाले. एका डोंगरातल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात काही महिने राहिले, परत जर्मनांच्या हाती लागले आणि 1945 साली सुटले. हे सगळं आम्हा नातवंडांना तोंडपाठ, कारण हिवाळ्यात शेकोटीवर ते हेच सांगायचे. ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक आहे, त्यावर तारखा आहेत. 1940 ला घर सोडलेला माणूस 1945 च्या शेवटी घरी आला. मधल्या काळात एकही रजा नाही.

मी बोटांवर महिने मोजले. शेळ्या-म्हशींचे महिने मोजण्यात माझी हयात गेली, तो हिशोब चुकत नाही. एस. टी. आली आणि गेली. मी बसूनच राहिलो.

घरात पूर्वीपासून एक बोललं जायचं की लढाईत दीड वर्ष आबांचा काही पत्ता नव्हता. सरकारचं 'बेपत्ता' असं पत्र आलं होतं. थोरल्या पणजोबांनी आशा सोडली होती. मग 43 च्या दिवाळीच्या सुमाराला रेडक्रॉसमार्फत एक कार्ड आलं, मी खुशाल आहे म्हणून. आम्ही ही गोष्ट आनंदाची म्हणून ऐकत आलो. कार्ड आलं तेव्हा पणजोबांनी गावात गूळ वाटला, हा तिचा शेवट. त्या दिवशी आजी कशी होती, हे त्या गोष्टीत कधीच नव्हतं. ती घरातच असणार. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. पोटात सहा-सात महिन्यांचं असणार. नवरा जिवंत आहे ही बातमी घेऊन सासरा ओसरीत येतो, आणि ती चुलीपुढं बसलेली. मी पुष्कळदा हे डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. चुलीतला जाळ दिसतो, तिचं तोंड दिसत नाही.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा मृत्यूच्या नोंदी बघितल्या. जुलै 1944, मुलगा, वय सहा महिने, कारण ताप.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. हे फार वाईट असतं. एकदा एक खुंटी सापडली की सगळं दावं सुटत जातं, आणि आपल्याला थांबवता येत नाही.

आमच्या चिंचेच्या रानात मधोमध एक बांध होता, अवजड, वेडावाकडा, दोन औतांची जागा खाणारा. 1985 साली वडिलांनी रान सपाट करायला ट्रॅक्टर आणला. मी पंचवीस वर्षांचा, हौसेनं पुढं. आजी घरून चालत आली आणि बांधावर बसली. काही बोलली नाही. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "म्हातारे, उठ की." ती उठेना. वडील लांब उभे राहिले. एरवी तापट माणूस, पण त्या दिवशी अवाक्षर बोलले नाहीत. दुपारी आजोबा आले, तिच्या शेजारी बसले, चंची सोडली, पान लावलं, अर्धं तिला दिलं. दोघं दिवस मावळेपर्यंत तिथंच. ट्रॅक्टर माघारी गेला. रात्री ती मला म्हणाली, "मी मेल्यावर काय करायचं ते करा."

दर आषाढात ती त्या बांधावर दूधभाताची वाटी ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "रानाची राखण हाय." आम्ही राखण म्हणजे खंडोबाची, म्हसोबाची असं समजायचो. तान्ही पोरं जाळत नाहीत, पुरतात, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण दोन गोष्टी एका जागी आणायचं डोक्यात आलं नाही.

आजोबा 1991 ला गेले, आजी 1999 ला. तिनं सांगितल्याप्रमाणे ती मेल्यावर आम्ही काय करायचं ते केलं. 2004 साली मी जेसीबी लावून तो बांध काढला. दोन तासांचं काम. आता तिथं आलं आहे, ठिबकवर. त्या रानाचं आलं गावात एक नंबरचं निघतं. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे.

आणि वडील. 1944 साली ते सहा वर्षांचे होते. त्यांना सगळं दिसलेलं असणार. शेवटच्या आजारात, दवाखान्यात, ते दोन रात्री सारखे म्हणत होते, "बाळ रडतंय, आईला हाक मारा." नर्स म्हणाली, म्हातारी माणसं लहानपणात जातात. आम्हीही तेच धरून चाललो.

आमच्या आळीत एक काकू आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्या साली बारा-तेरा वर्षांच्या असतील. मी एका संध्याकाळी गेलो. त्या मिश्री लावत बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, नानांच्या पाठीवर आजीला एक पोरगं झालं हुतं का?"

बराच वेळ बोट दातावर तसंच. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं?"

"कागदानं."

"कागदाला काय ठावं?" त्यांनी चूळ भरली. "कागदात पोरगं घावलं आसंल. तुजी आजी न्हाई त्यात घावायची."

मी म्हटलं, "तसं न्हवं, पर खरं काय ते..."

"तुज्या आजीनं मला कधी सांगितलं न्हाई आन म्यां कधी इचारलं न्हाई. साठ वरसं आमी एका हिरीवर पाणी भरलं. तुला एका सांजंत पायजे व्हय?"

मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागनं म्हणाल्या, "लई गोरं हुतं. दात येत हुते. पावसात गेलं."

एवढंच मला मिळालं. तेवढ्यावर मी कितीतरी रात्री काढल्या.

तो काळ कसा होता ते वाचून, ऐकून ठाऊक आहे. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबारात माणसं पडली. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आलं. भूमिगत माणसं आमच्या भागातल्या रानावस्त्यांवर रात्री यायची, भाकरी खाऊन पहाटे निघून जायची. भाकरी कुणी थापली, हे कुठल्या इतिहासात येत नाही. त्यांतला कुणी असेल का? की घरातलाच कुणी? नवरा गेला असं धरून दिराबरोबर पाट लावायची चाल कुणब्यांत होती. पुढं जी घरं आपण शहाण्णव कुळी म्हणवायला लागली, त्यांनी ती चाल बंद केली आणि झालीच नव्हती असं म्हणायला लागली. पणजोबांनी तसं काही ठरवलं होतं आणि कार्ड आल्यावर सगळ्यांनी तोंडं शिवली? का यातलं काहीच नाही, आणि एकट्या बाईला गाठून कुणीतरी जबरदस्ती केली? पत्री सरकारच्या लोकांनी त्या दिवसांत बायकांना छळणाऱ्यांना तळपायावर फटके दिले, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. सगळेच काही त्यांच्या हाती लागले नसतील.

तीन वाटा आहेत. मी तिन्ही वाटांनी थोडं थोडं चालून बघितलं. पहिल्या वाटेवर आजी धाडसी वाटते, दुसऱ्यावर सासऱ्याच्या हुकमातली, तिसऱ्यावर तर मला पुढं जाववत नाही. आणि मग ध्यानात आलं की मी आजीला शोधत नव्हतो. तिला माफ करता येईल अशी वाट शोधत होतो. मला कुणी सांगितलं होतं माफ करायला? ज्याला काही म्हणायचा हक्क होता तो माणूस तिच्या शेजारी बांधावर बसून पान लावत होता.

आजोबांचंही सांगतो. इटलीतली ती म्हातारी, जिनं त्यांना गोठ्यात लपवलं, ती आपल्यातला पाव त्यांना द्यायची. "मला पोरासारखं ठेवलं," असं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्या घरात आणखी कोण कोण होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. ते एकतीस वर्षांचे होऊन परत आले. पाच वर्षं परमुलखात काढलेल्या तरुण माणसानं तिकडं काय केलं, काय नाही, याची चौकशी करायचं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. इटलीतल्या त्या गावचं कोतवाल बुक बघायला कोण जातं? आजोबांची लढाई म्हणजे शेकोटीवर सांगायची गोष्ट. आजीचीही लढाईच होती, ती मात्र मातीखाली गेली. आणि मला ती सापडली तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो काही चांगला नव्हता. तो मी इथं लिहिणार नाही.

आता प्रश्न राहिला तो कागदाचा.

कोतवालानं त्या दिवशी बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव लिहिलं. गाव लहान, आजोबा लढाईवर आहेत हे कोतवालाला माहीत नसेल असं होऊच शकत नाही. त्यानं ते जाणूनबुजून लिहिलं. पणजोबांनी सांगितलं असेल किंवा त्याच्याच जिवाला वाटलं असेल. सरकारी बुकात एक खोटी ओळ लिहून त्यानं एका बाईला झाकलं. ऐंशी वर्षांनी तीच ओळ मला पुरावा म्हणून लावायची होती. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं, त्यात त्या पोराला आजोबांचा मुलगा म्हणून दाखवायचं, आणि खाली सही करायची की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. माझ्या माहितीप्रमाणे! दुसरीकडं डिस्चार्ज बुकही आमच्याच ट्रंकेत. दोन कागद शेजारी ठेवले की कुणालाही बेरीज करता येईल.

सात-बाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो. बापानं काढलेलं कर्ज पोराच्या नावावर येतं, ते फेडावं लागतं. पण माणसानं मुद्दाम न सांगितलेली गोष्ट, ती वारसात येते का? ती माझी होते का? आजीनं साठ वर्षं जे पाठीवर वाहिलं, ते मी एका झेरॉक्सनं चव्हाट्यावर आणायचं? एक मन म्हणे, मेलेल्या माणसाला कसली लाज. दुसरं म्हणे, मेलेल्याला आपली बाजू सांगता येत नाही, म्हणून तर जास्त जपायचं.

मी महिनाभर भावाला खोटं सांगितलं, "पान फाटलंय, नोंद नाही." बायकोला खरं सांगितलं होतं. ती चार दिवस गप्प राहिली आणि एका रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "आजींची अब्रू तुमी पोराच्या पैशानं राखताय." मी चिडलो. पण ते खरं होतं. पुतण्याला नोंदीचा उपयोग होणार होता. आजीच्या झाकलेपणाची किंमत मी देत नव्हतो, त्या पोराला द्यायला लावत होतो, आणि तेही त्याला न सांगता. आजीनं स्वतःच्या गोष्टीची किंमत दुसऱ्याला कधी द्यायला लावली असती, असं मला वाटत नाही.

मग पुतण्याला घेऊन रानात गेलो आणि सगळं सांगितलं. ही पोरं मोबाईलवर काय काय बघतात, त्यांना काही वाटत नसेल असं आपण धरतो. तो बराच वेळ आल्याच्या पानांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आण्णा, ते बाळ नानांचं भाऊच ना? आई एकच."

मी म्हटलं, "हो."

"मग तेवढं खरंच हाय की."

त्याचं हे उत्तर वकिली आहे की साधं, मला अजून ठरवता आलं नाही. पण मला त्यातून वाट मिळाली. जातीचा रकाना तरी खोटा नव्हता. घर कुणब्याचं, आणि ते पोरगं त्या घरात वाढत होतं. सही करताना माझा हात कापला नाही असं म्हणणार नाही.

भावाला कागद दिला. काय काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करून गेलो होतो. त्यानं चष्मा लावला, ओळीवरनं बोट फिरवलं, म्हणाला, "कुणबी लिवलंय न्हवं? बास झालं," आणि कागद पिशवीत घातला. साल वाचलंच नाही. कचेरीतही तेच. अर्ज तपासणाऱ्यानं जातीचा रकाना बघितला, शिक्का बघितला. वंशावळ भरताना त्यानं फक्त एकदा विचारलं, "ह्याचं नाव काय?"

मी म्हटलं, "ठेवलेलं कुठं सापडत नाही."

त्यानं 'मुलगा (मयत)' असं लिहिलं आणि पुढचा कागद मागितला. मी ज्याला महिनाभर घाबरत होतो ते एवढं होतं. हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. कुणीतरी साल वाचायला हवं होतं.

मग हे आता पुस्तकात कशाला लिहितोस, असं कुणी विचारेल. बायकोनं विचारलंच. गावाचं नाव मी काढून टाकलंय, माणसांची नावं लिहिली नाहीत. तरी आमच्या भागातला एखादा ओळखेल. आजीनं हे वाचलं असतं तर ती काय म्हणाली असती? तिला वाचता येत नव्हतं, हे उत्तर नव्हे. ती कदाचित रागावली असती. पण बांधावर बसली तेव्हा तिला लपायचं होतं असंही मला वाटत नाही. भर दुपारी, सगळ्या रानासमोर बसली होती ती. लपवणारा माणूस असं बसत नाही. ती फक्त सांगत नव्हती. आम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की नाही, ते आम्ही न विचारल्यामुळं कायमचं राहून गेलं. या दोन्हींतला फरक मला त्रेसष्टाव्या वर्षी कळतोय. तरीही लिहून बरोबर केलं की चूक, याचा निकाल माझ्याकडं नाही.

2024 च्या उन्हाळ्यात दाखला मिळाला. भावानं पेढे वाटले.

आषाढात बायकोनं दूधभात केला. मी आणि पुतण्या रानात गेलो. रिपरिप चालू होती. बांध नेमका कुठून जात होता ते मला आठवेना. विहिरीच्या कडेपासून पावलं मोजत आलो, मग चिंचेच्या बुंध्यापासून उलटी मोजली, तर दोन्हींत आठ-दहा पावलांचा फरक. जेसीबीनं माती इकडची तिकडं केली, ती सगळ्या रानात पसरली आहे. पुतण्या वाटी घेऊन उभा होता, वर हाताची ओंजळ धरून.

"आण्णा, हितं का तिथं?"

मी म्हटलं, "ठेव."

त्यानं दोन गादीवाफ्यांच्या मधल्या सरीत वाटी ठेवली, ठिबकची नळी थोडी बाजूला सारून.